बी, अंडं आणि बाळपण: प्रजनन व वर्गीकरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववी-दहावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवता शिकवता माझ्या वहीत हे प्रश्न साठत गेले. काही मुलांचे, काही त्यांच्या आयांचे, दोन-तीन आमच्या भाजीवाल्या मावशींचे. परीक्षेत पाच मार्कांना येणारे प्रश्न इथे फारसे सापडणार नाहीत. एक गोष्ट मात्र पुन्हापुन्हा भेटेल: कोण कुणाचा नातलग, हे मोठेपणीच्या रूपावरून ठरवायला गेलं की फसायला होतं. त्याचं बाळपण बघावं लागतं.

मटकीला मोड येतो, ते खोड ना?

मूळ. इथे जवळजवळ सगळेच चुकतात. बी पाणी पिऊन फुगली की आधी आदिमूळ बाहेर पडतं. पाण्याची सोय लागल्याशिवाय पानं काढून उपयोग काय? फडक्यात बांधलेल्या मटकीला खाली शिरायला माती नसते, म्हणून तो मोड वाटेल तिकडे वळतो आणि आपल्याला खोड वाटतो.

रात्रभर भिजवलेला शेंगदाणा हलकेच उकला. टोकाशी एक चिमुकलं रोप दिसेल, एकीकडे मुळाचं टोक, दुसरीकडे दुमडलेली इवली पानं. ज्या दोन जाड फाकांमध्ये ते बसलंय, ती त्याची बीजपत्रं. आपण ज्याला डाळ म्हणतो ती हीच. हरभरा भरडून टरफल काढलं, दोन बीजपत्रं सुटी झाली, की झाली चणाडाळ. या भरडण्यात मधलं रोप गळून जातं. म्हणूनच अख्ख्या मसुराला मोड येतात आणि मसुरीची डाळ कितीही भिजवली तरी नुसती फुगते.

म्हणजे तांदूळ-ज्वारीसुद्धा बीजपत्रंच का?

नाही. तिथे आपण भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणासाठी साठवलेलं अन्न, खातो. तो तयार होण्याची सपुष्प वनस्पतींची खास रीत सेर्गेई नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये लिलीच्या कुळातल्या फुलांत पाहिली. परागनलिकेतून एक नाही, दोन पुंयुग्मकं, म्हणजे नर पेशी, आत जातात. एक अंडपेशीशी जुळतं आणि त्यातून भ्रूण होतो. दुसरं मधल्या दोन केंद्रकांशी जुळतं आणि त्यातून भ्रूणासाठी अन्नाचा साठा तयार होतो. पुस्तकात याला द्विफलन म्हणतात. मी वर्गात शिदोरी म्हणते. हरभरा-शेंगदाण्याचं बाळ ती शिदोरी बी पक्व होईपर्यंत संपवून बीजपत्रांत भरून ठेवतं. तांदूळ, गहू, ज्वारीत ती तशीच बाजूला उरते आणि आपल्या ताटात येते. पॉलिश केलेल्या तांदळाच्या दाण्याला एका टोकाशी बारीक खाच दिसते ना, तिथे भ्रूण होता.

शहाळ्याचं पाणी नेमकं काय असतं?

तीच शिदोरी, पातळ अवस्थेतली. एरवी पेशी विभागली की लगेच मध्ये भिंत उभी राहते. नारळाच्या भ्रूणपोषात सुरुवातीला केंद्रकं विभागत राहतात, भिंती मात्र घातल्या जात नाहीत. मोठ्या वाड्यात माणसं वाढत जावीत आणि खोल्या पाडायच्या राहून जाव्यात, तसं. मग कडेकडेने भिंती घालायला सुरुवात होते आणि करवंटीला लागून पातळ मलई धरते. ती जाड होत गेली की खोबरं.

वाढणाऱ्या भ्रूणासाठीच तयार झालेलं हे पाणी असल्याने त्यात पेशींना विभागायला लावणारी द्रव्यं असतात. १९४१ मध्ये अमेरिकेत योहानेस व्हॅन ओव्हरबीक आणि सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे अगदी कोवळे भ्रूण बीबाहेर काढून नारळाच्या पाण्याच्या मदतीने वाढवून दाखवले. पुढे १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी त्याच धोतऱ्याच्या परागकोशांपासून भ्रूण मिळवले. अंडपेशी नाही, फलन नाही, नुसत्या परागकणांतून रोप. आज नव्या पिकांचे वाण लवकर तयार करायला ही पद्धत जगभर वापरतात. धोतऱ्याकडे आपण विष किंवा महादेवाचं फूल म्हणून बघतो, पण प्रयोगशाळेत त्याचं वजन मोठं आहे.

नारळाचे तीन डोळे म्हणजे त्याच्या अंडाशयाच्या तीन कप्प्यांच्या खुणा. दोन डोळे कायमचे मिटलेले असतात. तिसरा मऊ, त्याच्याखाली भ्रूण. रुजलेला नारळ फोडला की आत जो गोडसर, स्पंजासारखा गोळा मिळतो आणि ज्यावरून घरोघरी मुलांची भांडणं होतात, तो म्हणजे नारळाचं बीजपत्र. खोबरं शोषून कोंबाला पुरवणं हे त्याचं काम.

हापूसची कोय लावली तर हापूस येईल का?

आंब्याचं झाड येईल. हापूस येईलच असं नाही, बहुधा नाहीच. कोयीतल्या भ्रूणाची आई हापूस, बाप कोण ते माशीला ठाऊक. म्हणून कोकणात कलमं बांधतात. कलम म्हणजे त्याच झाडाचा पुढे चालू ठेवलेला देह.

गंमत अशी की सगळे आंबे असे नसतात. केरळातल्या ओलूरसारख्या काही जातींच्या एका कोयीतून तीन-चार रोपं उगवतात. त्यातली बहुतेक फलनातून झालेली नसतात. बीजांडात भ्रूणाभोवती जो आईचा ऊतक असतो त्यातूनच ती फुटतात, आणि हुबेहूब आईसारखी निघतात. लिंबू-संत्र्याच्या कुळातही हे सर्रास चालतं. विदर्भातल्या संत्र्याच्या कलमांसाठी खुंट म्हणून, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ते रोप म्हणून, जंबेरी लिंबू वापरतात, तेव्हा बियांपासून केलेली रोपंही एकसारखी मिळतात, ती याच कारणाने. बीपासून आलं म्हणजे लैंगिक प्रजनन आणि फांदीपासून आलं म्हणजे अलैंगिक, ही पाठ केलेली ओळ जंबेरीपाशी अडखळते.

केळ्यात बी का नसते?

आपल्या खाण्यातल्या बहुतेक केळ्यांत गुणसूत्रांचे तीन संच असतात. तीनाचे दोन सारखे वाटे होत नाहीत, म्हणून नीट युग्मकं बनत नाहीत. फलनाशिवायच फळ धरतं. मधले बारीक काळे ठिपके म्हणजे न वाढलेली बीजांडं. बिया भरलेलं फळ बघायचं असेल तर सह्याद्रीच्या कड्यांवरची चवेणी बघा, केळीच्याच कुळातली. आत काळ्या टणक बिया ठासून भरलेल्या असतात.

अंजिरात मेलेली माशी असते म्हणे. मग ते शाकाहारी कसं?

हा प्रश्न दरवर्षी व्हॉट्सॲपवर नव्याने फिरतो. उत्तर जातीवर अवलंबून आहे.

आधी उंबर. ‘उंबराचं फूल’ म्हणजे कधी न दिसणारी गोष्ट. पण उंबराला फुलं येतात, भरपूर येतात, फक्त आतून. आपण जे फळ म्हणतो ती एक बंद पिशवी आहे, आतल्या अस्तरावर शेकडो बारीक फुलं. टोकाच्या भोकातून दोन-तीन मिलिमीटरची एक मादी गांधीलमाशी आत घुसते, बहुतेकदा पंख मोडून घेते. आणलेले पराग ती फुलांवर पाडते आणि काही फुलांत अंडी घालते. ज्या फुलात अंडं पडलं तिथे माशी वाढते, ज्यात पडलं नाही तिथे उंबराची बी. आतच नर जन्मतात; त्यांना पंख नसतात. समागम आणि बाहेर पडायला बोगदा खणणं, एवढंच त्यांचं आयुष्य. नव्या माद्या पराग घेऊन बोगद्यातून उडतात. म्हणजे दोन प्रजननं एका पिशवीत, एकमेकांवाचून अडलेली. उंबर फोडलं की किडे निघतात ते फळ सडल्यामुळे नव्हे. उंबर उंबरासारखं वागतंय म्हणून. जैन आचारात वड-पिंपळ-उंबराच्या जातीची पाच फळं वर्ज्य आहेत, त्यामागचं निरीक्षण पक्कं आहे.

आता अंजीर. पुरंदर तालुक्यात पिकतं ते अंजीर परागीभवनाशिवाय धरतं. त्याला माशी लागत नाही, त्यामुळे ती आत असण्याचा प्रश्नच येत नाही. तुर्कस्तानाकडून येणाऱ्या स्मर्ना प्रकाराच्या सुक्या अंजिराला मात्र माशी लागते. तिथेही दाताखाली कचकच लागते ती बियांची. माशीचं शरीर फळातल्या विकरांनी बरंचसं विरघळून गेलेलं असतं. खायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

नर पपईला खिळा ठोकला की ती फळते, खरं का?

पपईत नर, मादी आणि उभयलिंगी अशी तीन प्रकारची झाडं असतात. लोंबत्या दांड्यांवर झुबक्याने फुलं आली की तो नर. बी किंवा कोवळं रोप बघून ओळखता येत नाही, म्हणून जुने बागायतदार एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावतात आणि फुलं दिसली की जादा नर उपटतात. काही नर झाडं हवामान बदललं की आपणहून चार फळं धरतात. नेमका त्याच सुमारास खिळा ठोकलेला असला की श्रेय खिळ्याला.

उभयलिंगी झाडाच्या स्वतःच्या परागाने झालेल्या बियांतून साधारण दोन उभयलिंगी आणि एक मादी, अशा प्रमाणात झाडं येतात. हिशोबाप्रमाणे चौथा वाटाही हवा. तो असतो, पण दोन्हीकडून उभयलिंगीपण देणारं गुणसूत्र आलेला भ्रूण बी होण्याआधीच मरतो.

दुकानातल्या अंड्यात पिल्लू असतं का?

नसतं. कोंबडीला अंडं घालायला कोंबडा लागत नाही. पोल्ट्रीत तो ठेवलेलाच नसतो. बलकातला रक्ताचा ठिपका म्हणजे गर्भ नव्हे, अंडं तयार होताना फुटलेली बारीक रक्तवाहिनी. बलकाच्या दोन बाजूंना पांढरे पिळदार दोरे असतात, तीही नाळ नव्हे. बलक मध्यभागी टांगून ठेवणारे ते दोर आहेत.

गावठी अंडं फलित असू शकतं. तेव्हा त्याच्या बलकावरच्या फिकट ठिपक्यात, अंडं बाहेर पडेपर्यंतच, हजारो पेशी झालेल्या असतात. अंडं थंड झालं की वाढ थांबते, कोंबडी बसली की पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी हृदय धडधडायला लागतं, एकविसाव्या दिवशी पिल्लू. ॲरिस्टॉटलने रोज एक अंडं फोडून हा क्रम पाहिला होता. सूक्ष्मदर्शक नसताना! गर्भविकासाच्या अभ्यासाची सुरुवात तिथून धरतात.

साप अंडी घालतात की पिल्लं?

दोन्ही. नाग, मण्यार, धामण अंडी घालतात. घोणस, फुरसं आणि मांडूळ पिल्लं देतात. म्हणजे ‘अंडी घालतो तो सरीसृप, पिल्लं देतो तो सस्तन’ हे सूत्र पहिल्याच पावसाळ्यात मोडतं. सस्तन ठरतो तो दुधाने आणि केसांनी. वटवाघूळ उडतं तरी सस्तन. ऑस्ट्रेलियातली प्लॅटिपस अंडी घालते तरी सस्तन.

बेडकांचंही तसंच. पुस्तकातला बेडूक अंडी, भैकेर म्हणजे शेपटीवाला डिंभक, मग बेडूक अशा पायऱ्यांनी जातो. सह्याद्रीतले रावऑर्केस्टेस प्रजातीतले झुडपी बेडूक ती मधली पायरी गाळतात. पानांवर किंवा ओलसर जागी घातलेल्या अंड्यातून थेट नखाएवढा बेडूक उडी मारतो. डबकं लागतच नाही. गांडुळासारखा दिसणारा, पाय नसलेला एक उभयचर आपल्या मातीत राहतो. काही जण त्याला देवगांडूळ म्हणतात. त्यातली महाराष्ट्रातली गेगेनिओफिस शेषाचारी ही जाती चक्क पिल्लं देते. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हा आशियात पिल्लं देणारा हा पहिलाच उभयचर म्हणून नोंदला गेला.

वेळासच्या किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडले कासवांत नर-मादी गुणसूत्रांवर ठरत नाही, वाळूच्या तापमानावर ठरते. उबदार वाळूत माद्या, थंड वाळूत नर.

मधमाशीच्या नराला बाप नसतो?

नसतो. राणीच्या अफलित अंड्यातून नर होतो, फलित अंड्यातून मादी. यान जिएर्झोन या पोलिश धर्मगुरूने १८४५ मध्ये हे मांडलं. नराला बाप नाही, पण आईकडचा आजोबा आहे.

गांडूळ तोडलं की दोन होतात का?

होत नाहीत. डोक्याकडचा भाग पुरेसा लांब असेल तर त्याला कधी शेपूट फुटते. शेपटीकडचा भाग मरतो. कृपा करून करून बघू नका. गांडूळ उभयलिंगी आहे, तरीही त्याला जोडीदार लागतो. गांडूळखतात मोहरीपेक्षा थोडे मोठे, पिवळसर, लिंबाच्या आकाराचे दाणे दिसले तर ते फेकू नका, ते त्याच्या अंड्यांचे कोश आहेत.

कालवं आणि त्याच्या शेजारचे टोकदार पांढरे ‘शिंपले’ एकच का?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. एका मुलाने पाय कापून घेतल्यावर विचारला होता.

कोकणातल्या खडकांवर, होड्यांच्या बुडावर ज्वालामुखीच्या आकाराचे लहान कडक प्राणी चिकटलेले असतात. त्यांना बार्नेकल म्हणतात. दिसायला कालवाचं भावंड. वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने त्यांना शिंपल्यांत बसवलं, फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिएनेही मृदुकाय प्राण्यांतच. मग १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसन याने त्यांची पिल्लं पाहिली. पाण्यात पोहणारी, सांधे असलेल्या पायांची, कोळंबीच्या नात्यातल्या प्राण्यांच्या पिल्लांसारखी. मोठेपणी हा प्राणी डोकं खडकाला चिकटवतो, भोवती चुन्याचं घर बांधतो आणि पायांनी अन्न ओढत आयुष्य काढतो. कालव मृदुकाय, हा संधिपाद. ज्याने पाय कापला तो खेकड्याचा भाऊबंद निघाला. पुढे डार्विनने आठ वर्षं या प्राण्यांवर घालवली.

याहून टोकाचं उदाहरण सॅक्युलिना. खेकड्याच्या पोटाखाली नुसती पिशवी लोंबते. पाय नाहीत, तोंड नाही. तिचीही पिल्लं बार्नेकलसारखीच, म्हणून नातं कळलं. आणि १८६६ मध्ये अलेक्झांडर कोवालेव्हस्की याने समुद्रपिचकारी या, खडकाला चिकटलेल्या पिशवीसारख्या प्राण्याच्या डिंभकात पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीतला आधाराचा दांडा, दाखवला. मोठेपणी तो नाहीसा होतो. त्या एका निरीक्षणाने ती पिशवी आपल्या समपृष्ठरज्जू संघात येऊन बसली.

तारामाशाचंही ऐका. तो मासा नाहीच. पण भ्रूणाच्या पेशींच्या गोळ्याला पहिली खळगी पडते, ती कालव-कोळंबीत साधारणपणे तोंडाच्या बाजूची ठरते. तारामाशात आणि आपल्यात तिथे गुदद्वार होतं, तोंड नंतर दुसरीकडे फुटतं. डीएनएनेही नंतर तेच सांगितलं: तारामासा कोळंबीपेक्षा आपल्याला जवळचा.

वनस्पतींतही बाळपणावरून वर्गीकरण चालतं का?

चाललं, आणि थोडं फसलंही. सतराव्या शतकात जॉन रे याने फुलझाडांची एक बीजपत्र आणि दोन बीजपत्रं अशी विभागणी केली. एकदल गट आजही टिकून आहे. द्विदल मात्र एक घराणं नाही, हे डीएनएवर आधारलेल्या १९९८ च्या वर्गीकरणात दिसलं. सोनचाफा, सीताफळ, मिरी, जायफळ यांना दोन बीजपत्रं असली तरी त्यांची शाखा वेगळी. सर्वांत मोठा धक्का कमळाचा. तळ्यात शेजारी फुलणारी कमळ आणि कुमुद दूरचीही भावंडं नाहीत; कमळाचा जवळचा नातलग म्हणजे रस्त्याकडेला लावतात तो सिल्व्हर ओक.

माणसाच्या गर्भाला कल्ले असतात हे खरं का?

कल्ले नसतात. घशाच्या बाजूला खळग्या आणि घड्या असतात. माशांत त्यांचे कल्ले होतात, आपल्यात जबडा, मध्यकर्ण, थायमस ग्रंथी असे भाग. १८७४ मध्ये जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने सगळ्या पृष्ठवंशीयांचे गर्भ शेजारी शेजारी काढून दाखवले, पण सारखेपणा वाढवून. त्याच्या आधी, १८२८ मध्ये, कार्ल फॉन बेअर याने लिहून ठेवलंय की दारूत ठेवलेल्या दोन गर्भांना चिठ्ठी लावायला तो विसरला, आणि नंतर ते पालीचे, पक्ष्याचे की सस्तनाचे, हे त्याला सांगता येईना. मला हेकेलच्या चित्रांपेक्षा ही कबुली जास्त शिकवते.

मुलगा की मुलगी, हे आईमुळे ठरतं का?

नाही. अंडपेशीत लिंग ठरवणारं गुणसूत्र नेहमी एक्स. शुक्रपेशीत एक्स किंवा वाय. पहिले सहा-सात आठवडे दोन्ही गर्भ बाहेरून आणि आतून सारखेच असतात. मग वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय या जनुकाने, जे १९९० मध्ये सापडलं, वाट वळते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ चा. तरीही हा प्रश्न अजून मला सुनेला समोर बसवून विचारला जातो.

‘जाती’ आणि ‘प्रजाती’ यात बरोबर काय?

शालेय पुस्तकांत जीनसला प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हणतात. वर्तमानपत्रं स्पीशीजला सर्रास प्रजाती म्हणतात. परीक्षेत पुस्तकाचं लिहा. लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींना दिलेल्या दुहेरी नावांप्रमाणे आंबा म्हणजे मँजिफेरा इंडिका: मँजिफेरा प्रजाती, इंडिका जाती. हापूस, पायरी, केसर हे त्या एकाच जातीचे वाण.

अळंबी वनस्पती की प्राणी?

दोन्ही नाही. १९६९ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ व्हिटाकरने कवकांना स्वतंत्र सृष्टी दिली. नात्याने ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची.

घरी काय बघता येईल?

वाटीत ओल्या कापसावर चार हरभरे, चार मक्याचे दाणे आणि चार चिंचोके ठेवा. चिंचोक्यांची साल आधी खरखरीत दगडावर थोडी घासा, नाहीतर वाट बघत बसाल. रोज एकेक दाणा उकलून चित्र काढा. मक्यात बीजपत्र आतच राहतं, चिंचेत ते जाड होऊन जमिनीवर येतं, हरभऱ्यात मातीखालीच थांबतं. कापूस ओला हवा, पाण्यात बुडालेला नको.